सर्वेक्षण, आंतरजालीय

प्रश्नावली संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर तयार करून ती आंतरजालाद्वारे (इंटरनेटद्वारे) उत्तरदात्यांपर्यंत पोहोचविणे व त्यांची उत्तरे त्याच मार्गाने एकत्र करणे, या माहितीसंकलनाच्या पद्धतीस आंतरजालीय किंवा ऑनलाइन सर्वेक्षण म्हणतात. टपालाने प्रश्नावली पाठविणे, दूरध्वनीवरून विचारणे आणि अन्वेषकाने प्रत्यक्ष मुलाखत घेणे या जुन्या पद्धतींच्या जोडीला ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस आली. त्यासाठी लागणारी अनेक साधने विनामूल्य मिळत असल्यामुळे विद्यार्थी, प्राध्यापक, कृषी विस्तार कार्यकर्ते व स्वयंसेवी संस्था यांच्यामध्ये तिचा प्रसार झपाट्याने झाला. २०२० मधील कोव्हिड साथीच्या टाळेबंदीत घरोघर जाणे अशक्य झाल्याने अनेक संशोधकांना या पद्धतीवरच विसंबून राहावे लागले. साधन विनामूल्य असले, तरी त्यातून मिळणाऱ्या माहितीची विश्वसनीयता आपोआप सिद्ध होत नाही. ती प्रतिदर्शाची निवड, प्रश्नांची रचना व उत्तरांची छाननी यांवर अवलंबून असते.

ऐतिहासिक आढावा : महाराष्ट्रात शास्त्रीय सर्वेक्षणाची परंपरा जुनी आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने (स्थापना १९३०) पुणे शहराची व ग्रामीण भागाची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले सांख्यिकीविज्ञ पां. वा. सुखात्मे (१९११–९७) आणि वि. गो. पानसे यांनी १९४० नंतरच्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतांतील पीककापणी प्रयोगांवरून करण्याची रीत भारतात रूढ केली. तत्पूर्वी हा अंदाज बहुतांशी गावकामगारांच्या नजर-आणेवारीवर अवलंबून असे. राष्ट्रीय नमुना पाहणीस १९५० मध्ये प्रारंभ झाला. या सर्व कार्यात प्रशिक्षित अन्वेषक कागदी तक्ते घेऊन निवडलेल्या घरी वा शेतावर जात असे. आंतरजालीय सर्वेक्षणात हा अन्वेषक बहुधा नसतो. या पद्धतीचे बरेचसे गुणदोष त्याच्या अनुपस्थितीतून निर्माण होतात.

साधने : सर्व्हेमंकी ही सेवा १९९९ मध्ये व गूगल फॉर्म्स ही २००८ मध्ये सुरू झाली. लाइमसर्व्हे ही मुक्तस्रोत आज्ञावली (२००३) संस्थेला स्वतःच्या संगणकावर बसविता येते. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये आरंभ झालेली ओडीके व तिच्याच आधारे विकसित झालेली कोबोटूलबॉक्स ही साधने प्रामुख्याने क्षेत्रीय कामासाठी आहेत. यांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील प्रश्नावली दुव्याच्या रूपाने पाठविली जाते. उत्तरदाता ती स्वतः भरतो व त्या वेळी आंतरजालाची जोडणी आवश्यक असते. दुसऱ्या वर्गात अन्वेषक आपल्या भ्रमणध्वनीवर उत्तरे नोंदवितो. जोडणी नसताना ती यंत्रातच साठतात व जोडणी मिळताच मुख्य संगणकाकडे जातात. स्थाननिश्चिती व छायाचित्र यांचीही नोंद त्यांत घेता येते. डोंगरउतारांमुळे जेथे संदेशवहन खंडित होते, अशा कोकणासारख्या प्रदेशात दुसरा वर्ग अधिक उपयुक्त ठरतो. काही विनामूल्य सेवांत प्रश्नांच्या किंवा दिसणाऱ्या उत्तरांच्या संख्येवर मर्यादा असते. ती सर्वेक्षणाच्या आरंभीच तपासणे इष्ट असते.

प्रतिदर्श व अभिनती : ज्या समूहाविषयी निष्कर्ष काढावयाचा त्यास समष्टी व त्यातून निवडलेल्या भागास प्रतिदर्श म्हणतात. समष्टीतील प्रत्येक घटकाला निवडले जाण्याची ज्ञात संधी असेल, तरच प्रतिदर्शावरून समष्टीविषयीचे अनुमान व त्यातील संभाव्य त्रुटी गणिताने सांगता येतात. उदा., यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १०० जणांच्या उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीतील त्रुटी ९५ टक्के विश्वासपातळीवर जास्तीत जास्त सु. १० टक्क्यांची, तर ४०० जणांच्या बाबतीत सु. ५ टक्क्यांची असते. ज्याला दुवा मिळाला व ज्याला इच्छा झाली त्याने भरलेल्या प्रश्नावलीस हे गणित लागू पडत नाही. अमेरिकेतील लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सु. १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या आणि २० लाखांहून अधिक उत्तरांच्या आधारे लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले; प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. पाठविण्याच्या याद्या दूरध्वनी व मोटारगाडी बाळगणाऱ्यांच्या असल्याने, आणि उत्तर देणारे व न देणारे यांची मते भिन्न असल्याने, हा अंदाज चुकला. उत्तरांची संख्या वाढविल्याने अशी अभिनती (एका बाजूस झुकलेला कल) दूर होत नाही. भारतात आज दूरध्वनीच्या यादीची जागा आंतरजालाच्या वापराने घेतली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) आंतरजाल कधीतरी वापरलेल्या स्त्रियांचे प्रमाण सु. ३३ टक्के, तर पुरुषांचे सु. ५७ टक्के आढळले. हे प्रमाण पुढे वाढले असले, तरी स्त्री-पुरुष, ग्राम-नगर व वय यांनुसार असलेली तफावत सर्वेक्षणकर्त्यास गृहीत धरावी लागते.

भाट्ये येथील उदाहरण : रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या खाडीपलीकडे भाट्ये हे गाव असून तेथे १९५५ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. ‘प्रताप’ ही नारळाची निवड जात, ‘कोकण भाट्ये नारळ संकर-१’ हा संकर आणि माडांच्या बागेत जायफळ, दालचिनी, काळी मिरी इ. मसाला पिके घेण्याची ‘लाखी बाग’ ही पद्धती यांच्याशी केंद्राचे नाव निगडित आहे. अशा केंद्राच्या परिसरातील बागायतदारांकडून गेंड्या भुंग्याच्या उपद्रवाची माहिती भ्रमणध्वनीवरील प्रश्नावलीने गोळा करावयाची आहे असे मानल्यास, या पद्धतीतील अडचणी स्पष्ट होतात.

पहिली अडचण यादीची आहे. सातबाराचा उतारा हा सोयीस्कर आधार वाटतो. परंतु कोकणात एकाच बागेवर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांपैकी काही मुंबईत वा अन्यत्र नोकरीनिमित्त राहतात. आंतरजालाशी अधिक परिचित असलेला हा वर्ग तत्परतेने उत्तर देतो. पण माडांना पाणी घालणारी, आळी करणारी, पडलेल्या झावळ्या उचलणारी व्यक्ती बहुधा घरी राहिलेली स्त्री, वृद्ध किंवा गडी असतो. भुंग्याने कुरतडलेले कोवळे पान तिला दिसते, मालकाला नव्हे. शिवाय एकाच बागेची माहिती तीन भावांनी वेगवेगळी भरल्यास एका बागेच्या तीन बागा होतात. म्हणून घटक ‘खातेदार’ नसून ‘बाग’ आहे, हे आधी ठरवून प्रत्येक बागेला एकच क्रमांक द्यावा लागतो.

दुसरी अडचण न पोहोचणाऱ्यांची आहे. समजा, एका गावात १०० बागा आहेत. त्यांपैकी ४० बागांचे मालक प्रश्नावली भरतात व त्यांतील ८ बागांत, म्हणजे २० टक्के बागांत, उपद्रव आढळतो. उरलेल्या ६० बागा दुर्लक्षित असून त्यांतील ३० बागांत, म्हणजे ५० टक्के बागांत, भुंगा आहे. गावातील खरे प्रमाण ३८ टक्के असताना सर्वेक्षण ते २० टक्के दाखवील. या आकड्यावरून उपाययोजना आखल्यास ती अपुरी पडेल व दुर्लक्षित बागांतील शेणखताच्या खड्ड्यांत वाढलेला भुंगा चांगल्या बागांतही पुन्हा येत राहील. रोपांच्या जातीविषयीच्या शिफारशीत अशीच चूक झाल्यास तिचा परिणाम अधिक दूरगामी असतो. कारण उंच जातीचा माड लावल्यानंतर साधारणतः ६ ते ८ वर्षांनी फळ धरतो, आणि तोवर चूक लक्षातही येत नाही. यावर उपाय म्हणजे उत्तर न आलेल्या बागांतून काही बागा यादृच्छिक पद्धतीने निवडून तेथे अन्वेषकाने प्रत्यक्ष जाणे व दोन्ही गटांचे निष्कर्ष त्यांच्या प्रमाणात एकत्र करणे, हा होय. वरील गावातील ६० पैकी १५ बागा पाहिल्या तरी अंदाज सत्याच्या पुष्कळ जवळ येण्याची शक्यता असते.

प्रश्नांची रचना : समजावून सांगणारा अन्वेषक नसल्याने प्रश्न स्वयंपूर्ण असावा लागतो. ‘वर्षाला माडामागे किती नारळ मिळतात?’ या प्रश्नास बहुधा अंदाजी उत्तर मिळते. नारळाची काढणी वर्षातून अनेकदा होत असल्याने ‘मागील काढणीत एकूण किती माडांवरून किती नारळ उतरविले?’ असे विचारणे अधिक चांगले. शास्त्रीय नावांऐवजी स्थानिक शब्द योजावेत. गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा यांत गल्लत होण्याचा संभव असल्याने प्रश्नासोबत चित्र द्यावे. गेंड्या भुंग्याने कुरतडलेल्या पानांवर त्रिकोणी काप दिसतात, त्यांचे छायाचित्र मागविल्यास उत्तराची पडताळणीही होते. तथापि गूगल फॉर्म्ससारख्या साधनात छायाचित्र जोडण्यासाठी उत्तरदात्यास स्वतःच्या खात्याने प्रवेश करावा लागतो व त्यामुळे काहीजण प्रश्नावली अर्धवट सोडतात. एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत, ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवावा आणि प्रश्नावली प्रथम १५–२० जणांवर तपासून मगच प्रसृत करावी, हे सर्वमान्य संकेत येथेही लागू पडतात.

छाननी : उत्तरे तक्त्याच्या रूपाने तत्काळ हाती येतात, हा या साधनांचा मोठा लाभ होय, कागदावरून आकडे उतरविण्यातील चुका टळतात. परंतु दुबार उत्तरे, अशक्य आकडे, सर्व प्रश्नांना एकाच पर्यायाने दिलेली उत्तरे आणि अत्यल्प वेळात भरलेल्या प्रश्नावल्या वेगळ्या काढाव्या लागतात. मराठी उत्तरांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एकाच गावाचे नाव ‘भाट्ये’, ‘भाटे’ असे निरनिराळे लिहिले जाते. म्हणून गावांची नावे लिहून न मागता यादीतून निवडावयास द्यावीत. युनिकोड संकेतन न ओळखता धारिका उघडल्यास देवनागरी मजकूर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. गुंठा, एकर व हेक्टर ही एकके मिसळली जाऊ नयेत म्हणून एकक प्रश्नातच नमूद करावे.

संमती व गोपनीयता : सर्वेक्षण कोण करीत आहे, माहितीचा उपयोग कशासाठी होईल व ती किती काळ ठेवली जाईल, हे प्रश्नावलीच्या आरंभी सांगून उत्तरदात्याची संमती घेणे आवश्यक असते. भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. त्यात संशोधन व सांख्यिकी यांसाठी काही सवलत असली, तरी माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेतला जात नसेल व विहित मानके पाळली जात असतील, तरच ती मिळते. नाव वा भ्रमणध्वनी क्रमांक यांची गरज नसल्यास ते विचारू नयेत. विनामूल्य सेवांत माहिती बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकांवर साठते व तिच्या अटी बदलू शकतात. म्हणून संस्थेने स्वतःजवळ प्रत ठेवणे श्रेयस्कर असते.

उपयोग : महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू केलेल्या ई-पीक पाहणी प्रकल्पात शेतकरी आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह भ्रमणध्वनीवरून स्वतः करतो, पूर्वी हे काम तलाठी करीत असे. ही पाहणी प्रतिदर्शी नसून प्रत्येक खातेदाराने करावयाची नोंद आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र आज्ञावली वापरली जाते. तरीही स्वतः नोंद करणे सर्वांना शक्य होत नसल्याने पुढे सहायकांमार्फतही नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. ज्या समष्टीची यादी पूर्ण आहे व जिचे सर्व सदस्य आंतरजाल वापरतात, उदा., एखाद्या महाविद्यालयाचे विद्यार्थी वा संस्थेचे कर्मचारी, तिच्यासाठी आंतरजालीय सर्वेक्षण पुरेसे ठरते. प्राथमिक चाचपणीसाठी व प्रश्नावलीच्या पूर्वपरीक्षणासाठीही ते उपयुक्त आहे. सर्वसाधारण ग्रामीण जनतेच्या अभ्यासात ते प्रत्यक्ष मुलाखतींना पूरक म्हणून वापरावे लागते. अहवालात प्रश्नावली किती जणांना पाठविली, कोणत्या मार्गाने पाठविली, किती जणांनी भरली व कोणाचा समावेश होऊ शकला नाही, या चार बाबी नमूद केल्यास निष्कर्षांची व्याप्ती वाचकास स्वतः ठरविता येते.