वनपिओनी : सावलीतल्या फुलाला हवा संयम

पिओनी म्हटले की टपोरी, भरगच्च पाकळ्यांची फुले डोळ्यांसमोर येतात. भरपूर उन्हात वाढणाऱ्या या बागेतल्या वाणांहून तिची जंगलातली बहीण अगदी निराळी आहे. जपान, कोरिया, चीन आणि रशियाचा अतिपूर्व भाग येथील पानगळीच्या जंगलात ती झाडांच्या सावलीत वाढते. मोजक्याच पाकळ्या, मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा झुबका आणि अवघ्या काही दिवसांचे आयुष्य, असे हे फूल. त्यातील पांढऱ्या फुलांच्या जातीला जपानमध्ये 'यामाशाकुयाकू', म्हणजे डोंगरातली पिओनी, म्हणतात. बागेसाठी जंगलातून खणून नेली जात असल्याने तिथे तिची संख्या घटली असून, जपानच्या पर्यावरण मंत्रालयाच्या लाल यादीत तिची नोंद झाली आहे. म्हणूनच ती बागेत कशी वाढवावी, या प्रश्नाला केवळ हौसेपलीकडचे महत्त्व आहे.

जागा आणि माती

या रोपासाठी पानगळ होणाऱ्या झाडाखालची जागा उत्तम. वसंताच्या आरंभी झाड निष्पर्ण असल्याने कोवळ्या कोंबांना ऊन मिळते. उन्हाळ्यात पालवी दाट झाली की आपोआप सावली होते. माती पानांच्या खताने भुसभुशीत झालेली, पण पाण्याचा निचरा होणारी हवी. पाणी साचल्यास मुळे कुजतात आणि करड्या बुरशीचे फावते. लागवड शरद ऋतूत करावी. मुळावरचे डोळे मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरच असावेत. फार खोल गेल्यास पाने येतात, फुले मात्र रुसतात.

बियांची परीक्षा

शरदात शेंगा उकलतात तेव्हा आत लाल आणि गडद निळे असे दोन रंगांचे दाणे दिसतात. लाल दाणे वांझ असतात. पेरण्याजोगे ते निळेच. या बीला आधी ऊब मिळाली की मूळ फुटते आणि त्यानंतर थंडी मिळाली की कोंब येतो. त्यामुळे पेरलेले बी बहुधा दुसऱ्या वसंतातच मातीवर डोकावते. पहिल्या फुलासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागते. जंगलातले तयार रोप खणण्याचा मोह होतो, तो या विलंबामुळेच.

भारतात काय?

पिओनीची एक जात आपल्याकडेही आहे. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरउतारांवर 'पिओनिया इमोडी' ही पांढऱ्या फुलांची हिमालयी पिओनी आढळते. डोळे फुलण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लागत असल्याने मुंबई-पुण्याच्या बागेत मात्र तिची आशा धरण्यात अर्थ नाही. थंड प्रदेशात बाग असणाऱ्यांनी रोप घेताना ते बियांपासून किंवा रोपवाटिकेतल्या जुन्या गड्ड्याच्या विभाजनातून तयार झाले आहे ना, याची विचारणा अवश्य करावी. बागेतले फूल जंगल ओरबाडून आलेले नसावे, एवढी खबरदारी ग्राहकाच्याच हाती आहे.