गिनतीनंतरचं रान

सकाळची गिनती आटोपली की स्वतंत्रपूरचे बंदी खोरी-विळे घेऊन रानात पांगतात. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळची ही सरकारी खुली वसाहत. उंच तट नाही, माणसं मात्र जन्मठेपेची.

मी पाहत होतो तो चाळिशीतला बंदी मक्याला पाणी देत होता. हा माणदेश, इथं पाणी जपूनच वापरायचं. दारं धरणाऱ्याला पाटावरून हलता येत नाही. वाफ्याच्या शेवटाला पाणी पोचायच्या जरा आधीच तो दारं मोडायचा, कारण आत शिरलेलं पाणी उतारानं आपसूक पुढं जातं. मग ओल्या मातीची दोन खोरी टाकून आधीचं तोंड बुजवायचा. मधेच पाण्याची धार बारीक झाली. उंदराचं बीळ असणार, म्हणत तो पायानं बांध चाचपत गेला, बीळ सापडलं, टाचेनं दाबून बंद केलं. तेवढ्या वेळात त्याला काही सांगायला कुणी आलं नाही.

मला हेच फार मोलाचं वाटलं. बंद कारागृहात उठणं, जेवणं, झोपणं, सगळं दुसराच ठरवतो. वर्षानुवर्षं तसं काढलेला माणूस सुटल्यावर एसटी स्टँडवरही बावरतो. रानात घडीघडीला स्वतः ठरवावं लागतं.

आटपाडी औंध संस्थानात होती, तेव्हाचा हा प्रयोग. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीनं १९३९ मध्ये तो सुरू केला. याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ आला. चित्रपटानं वसाहतीला नाव मिळवून दिलं. पण तिचं खरं बळ मला बंद्यांच्या खोल्यांपाशी दिसलं. दोरीवर शाळेचे गणवेश वाळत होते. इथं बंदी बायकापोरांसह राहू शकतो.

हे सहजी मिळत नाही. शिक्षेतली काही वर्षं बंद कारागृहात चांगल्या वर्तनानं काढावी लागतात, मग निवड होते. येरवडा, पैठण, मोर्शी इथंही खुली कारागृहं आहेत, पण संसारासह राहायची सोय सगळीकडे नाही. ती वाढवायलाच हवी. पाणी देऊन आलेला तो बंदी हातपाय धुऊन मुलाचा गृहपाठ बघायला बसला होता. मुलाखतीच्या जाळीआडून हे होत नाही.