विश्लेषण : गॅलरीत आलेला फुटबॉल प्रेक्षकाचा का होत नाही? बेसबॉलमध्ये चालते ते इथे का चालत नाही?

स्ट्रायकरचा फटका क्रॉसबारच्या वरून जातो आणि चेंडू थेट गॅलरीत पडतो. दहा-बारा हात वर होतात, एकाला तो सापडतो. तो चेंडू डोक्यावर धरून मिरवतो, शेजारचा मोबाइल काढतो आणि तेवढ्यात खालून सुरक्षारक्षक हात करतो, ‘द्या इकडे’. चेंडू परत जातो. युरोपातल्या जवळपास प्रत्येक सामन्यात हे दृश्य दिसते. मात्र अमेरिकेत बेसबॉलच्या सामन्यात नेमके उलटे घडते. तिथे झेललेला चेंडू प्रेक्षकाचाच होतो, तो परत मागायला कोणी येत नाही. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांकडे २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे यजमानपद आल्यामुळे तर हा फरक आणखी ठळक झाला. लहानपणापासून ‘झेलला तो आपला’ हे शिकलेल्या प्रेक्षकाला फुटबॉलमध्ये हीच गोष्ट चोरी ठरू शकते, हे पटवायचे कसे?

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या नियमावलीतला दुसरा नियम पूर्णपणे चेंडूबद्दल आहे. परीघ ६८ ते ७० सेंटीमीटर, सामना सुरू होताना वजन ४१० ते ४५० ग्रॅम, आतल्या हवेचा दाब ०.६ ते १.१ अ‍ॅटमॉस्फिअर, असे सगळे तपशील त्यात आहेत. सामन्यादरम्यान पंचांच्या परवानगीशिवाय चेंडू बदलता येत नाही, हेही आहे. अतिरिक्त चेंडू मैदानाभोवती ठेवता येतात, त्यांचा वापर पंचांच्या नियंत्रणाखाली असावा, एवढी मुभा आहे. पण चेंडू गॅलरीत गेला तर तो कोणाचा, याबद्दल हा नियम काहीच बोलत नाही. खेळाच्या दृष्टीने चेंडू रेषेबाहेर गेला की तो ‘खेळाबाहेर’ असतो, बस्स. पुढचा थ्रो-इन किंवा गोल किक त्याच चेंडूने घ्यायला हवी असेही नाही.

म्हणजे चेंडू परत देण्याची सक्ती खेळाच्या नियमातून येत नाही. ती येते मालकीतून. लीग सामन्यात चेंडू यजमान क्लबच्या किंवा स्पर्धेच्या ताब्यात असतात. तिकीट घेतल्याने प्रेक्षकाला बसायची जागा मिळते, मैदानावरच्या साहित्यावर हक्क मिळत नाही. इंग्लंडच्या १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात दुसऱ्याची वस्तू, ती कायमची परत न करण्याच्या इराद्याने, अप्रामाणिकपणे आपलीशी करणे ही चोरी मानली जाते. जॅकेटखाली चेंडू लपवून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला ही व्याख्या लागू करायला फारशी ओढाताण करावी लागत नाही. प्रत्यक्षात पोलीस केस करण्याची वेळ क्वचितच येते. त्याआधीच स्टेडियमबाहेर काढणे किंवा सीझन तिकीट रद्द करणे ही हत्यारे क्लबच्या हाती असतात आणि नेहमी येणाऱ्या चाहत्याला त्यांचीच जास्त धास्ती असते.

मग बेसबॉलमध्ये वेगळे का?

तिथेही शंभर वर्षांपूर्वी चेंडू परतच मागितला जायचा. शिकागो कब्जचे मालक चार्ल्स वीगमन यांनी १९१६ मध्ये प्रेक्षकांना चेंडू ठेवू द्यायला सुरुवात केली, पण बाकीचे क्लब तयार नव्हते. १९२१ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या सामन्यात एका प्रेक्षकाने हाती आलेला चेंडू कर्मचाऱ्याला न देता मागच्या गर्दीत फेकला. त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. त्याने क्लबवर दावा ठोकला, निकाल त्याच्या बाजूने लागला आणि १०० डॉलर भरपाई मिळाली. अपमान झाल्याबद्दलची ही भरपाई होती, चेंडूच्या मालकीचा तात्त्विक निवाडा नव्हे. पण क्लबांनी घ्यायचा तो धडा घेतला. एका चेंडूसाठी गिऱ्हाइकाशी भांडणे परवडत नाही.

त्याच सुमारास बेसबॉलमध्ये आणखी एक बदल झाला. ऑगस्ट १९२० मध्ये क्लीव्हलँडचा रे चॅपमन हा खेळाडू डोक्याला चेंडू लागून मरण पावला. मळलेला, काळवंडलेला चेंडू फलंदाजाला नीट दिसत नाही, हे कारण पुढे आले आणि चेंडू वारंवार बदलण्याची पद्धत रूढ होत गेली. आज मेजर लीगच्या एका सामन्यात शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त चेंडू वापरले जातात. चेंडू ही तिथे जवळपास वापरून टाकायची वस्तू झाली आहे, त्यामुळे त्यातले काही गॅलरीत गेले तर कोणाचेच अडत नाही.

आपल्याला ओळखीचे क्रिकेट या दोघांच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे चेंडू परत द्यावाच लागतो, कारण त्याची झीज हाच खेळाचा भाग आहे. कितव्या षटकात चेंडू किती मऊ झाला, एक बाजू किती चमकते, यावर डाव फिरतो. चेंडू हरवलाच तर पंच तेवढाच वापरलेला दुसरा चेंडू शोधतात. वानखेडेवर षटकार झेलणारा प्रेक्षक म्हणूनच मुकाट्याने चेंडू परत फेकतो. (कॅमेरा आपल्याकडे वळेपर्यंत थांबतो, ते वेगळे.)

फुटबॉल यातल्या कुठल्याच गटात बसत नाही. चेंडूची झीज ९० मिनिटांत खेळ बदलत नाही आणि तो वापरून टाकण्याइतका स्वस्तही नाही. फुटबॉलमध्ये खरी किंमत होती ती वेळेची. एकच चेंडू असेल आणि तो यजमानांच्या चाहत्यांनी गॅलरीत दाबून ठेवला, तर आघाडीवर असलेल्या यजमान संघाला फुकटात अर्धे मिनिट मिळते. चेंडू धरून बसणारा प्रेक्षक तेवढ्यापुरता सामन्यात हस्तक्षेपच करत असतो.

नदीत होडी घालून चेंडू आणणारा माणूस

एक चेंडू हरवणे छोट्या क्लबला किती जड जात असे, याचे सर्वांत गमतीदार उदाहरण इंग्लंडमधल्या श्रूजबरी टाउन या क्लबचे आहे. त्यांचे जुने मैदान, गे मेडो, सेव्हर्न नदीच्या अगदी काठावर होते. स्टँडवरून गेलेला फटका थेट पाण्यात पडायचा. त्यासाठी फ्रेड डेव्हिस नावाचे गृहस्थ कोरॅकल घेऊन तयार असत. कोरॅकल म्हणजे हंपीला तुंगभद्रेत दिसते तशी टोपलीसारखी गोल होडी. वाहत जाणारा चेंडू ते पकडून आणायचे आणि क्लब त्यांना दर चेंडूमागे थोडे पैसे द्यायचा. क्लबने २००७ मध्ये ते मैदान सोडले आणि ही प्रथा इतिहासजमा झाली. इंग्लंडच्या खालच्या स्तरातल्या क्लबांत सामन्याच्या चेंडूला स्थानिक दुकानदार किंवा व्यावसायिक प्रायोजक म्हणून शोधण्याची पद्धत मात्र आजही आहे. अशा ठिकाणी गॅलरीतून गायब झालेला चेंडू हा थेट हिशेबातला खड्डा असतो. महाराष्ट्रात तालीम मंडळांच्या किंवा गावातल्या स्पर्धा भरवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१० चेंडू, मग १५ चेंडू

मोठ्या लीगमध्ये वेळेचा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. चेंडू किती चटकन परत येतो यावर सामने फिरतात, हे गेल्या काही वर्षांत अनेकदा दिसले. ७ मे २०१९ रोजी लिव्हरपूलने बार्सिलोनाला ४-० ने हरवले, त्यातला चौथा गोल बॉल बॉयने चेंडू झटपट दिल्यामुळे तितक्याच झटपट घेतलेल्या कॉर्नरवर झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑलिम्पियाकोसविरुद्धच्या सामन्यात टॉटनहॅमचे प्रशिक्षक जोसे मोरिन्यो यांनी गोल झाल्यावर बॉल बॉयला मिठी मारली होती. उलट बाजूही आहे. जानेवारी २०१३ मध्ये स्वान्सीच्या मैदानावर चेंडू अंगाखाली धरून पडलेल्या बॉल बॉयकडून तो काढून घेण्याच्या नादात चेल्सीच्या एडन हझार्डने लाथ मारली आणि थेट लाल कार्ड मिळवले.

प्रीमियर लीगने २०२२-२३ च्या मोसमापासून ‘मल्टिबॉल’ पद्धत आणली. एकूण १० चेंडू : एक खेळात, एक चौथ्या पंचांकडे आणि आठ मैदानाभोवती. नंतर ही संख्या १५ वर गेली. कोनवर ठेवलेला चेंडू खेळाडूने स्वतः उचलायचा, म्हणजे बॉल बॉय कोणाच्या बाजूचा हा वादही मिटतो. आता गॅलरीत गेलेल्या चेंडूची कोणी वाट पाहत नाही. तो परत येईपर्यंत थ्रो-इन घेऊन झालेला असतो.

त्यामुळे चेंडू परत मागण्याचे सर्वांत भक्कम कारण या स्तरावर तरी उरलेले नाही. उरली ती मालकी आणि किंमत. कोट्यवधी पौंडांची उलाढाल करणाऱ्या क्लबने आठ वर्षांच्या मुलाच्या हातातून चेंडू काढून घ्यावा का, हा प्रश्न म्हणूनच चाहते विचारतात आणि त्यात तथ्य आहे. तरीही क्लब सूट द्यायला का कचरतात, हेही उघड आहे. एकदा ‘ठेवा’ म्हटले की प्रत्येक चेंडूसाठी खुर्च्यांवरून उड्या पडणार. बेसबॉलचा चेंडू मुठीत मावतो. फुटबॉल झेलायला दोन्ही हात आणि शेजाऱ्याची जागाही लागते.

चेंडूत आता चिप आहे

विश्वचषकाच्या चेंडूंबाबत आणखी एक तांत्रिक मुद्दा आहे. कतारमधल्या २०२२ च्या स्पर्धेतील ‘अल रिहला’ चेंडूच्या मध्यभागी हालचाल मोजणारा सेन्सर बसवलेला होता. तो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवतो. चेंडूला नेमका कोणत्या क्षणी पाय लागला हे त्यावरून कळते आणि ऑफसाइडचा निर्णय सोपा होतो. पोर्तुगाल-उरुग्वे सामन्यातला गोल आपल्या डोक्याला लागून झाल्याचा रोनाल्डोचा दावा याच सेन्सरच्या आकडेवारीने खोटा ठरवला आणि गोल ब्रुनो फर्नांडिसच्या नावावर राहिला. २०२६ साठीच्या ‘ट्रायोंडा’मध्ये हा सेन्सर मध्यभागाऐवजी एका पॅनेलमध्ये आहे. सामन्याआधी हे चेंडू फोनसारखे चार्ज करावे लागतात. असा चेंडू घरी नेला तर बॅगेत फक्त कातड्यासारखे आवरण आणि हवा नसते, पंचांच्या यंत्रणेचा एक भाग असतो. दुकानात मिळणाऱ्या प्रतिकृतीत ही चिप नसते.

आठवणीची किंमत कोटींत

चेंडू कोणाचा, हा वाद भावनेपुरता राहत नाही, कारण बाजार आहे. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला ‘हँड ऑफ गॉड’ गोल ज्या चेंडूने झाला, तो सामन्याचे ट्युनिशियन पंच अली बिन नासर यांच्याकडे होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये लिलावात त्याला २० लाख पौंड मिळाले, म्हणजे तेव्हाच्या दराने १९ कोटी रुपयांहून जास्त. ज्या पंचांच्या चुकीने तो चेंडू अमूल्य झाला त्यांनाच त्याचे पैसे मिळाले, यावर इंग्लंडच्या चाहत्यांनी काय म्हटले असेल याची कल्पना करता येते.

१९६६ च्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या जेफ हर्स्टने हॅट्ट्रिक केली. रिवाजाप्रमाणे चेंडू त्याचा, पण पश्चिम जर्मनीचा हेल्मुट हालर तो काखेत मारून घरी घेऊन गेला आणि मुलाला वाढदिवसाला दिला. तो इंग्लंडला परत यायला १९९६ उजाडले. आज तो मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाचा आहे. हॅट्ट्रिकचा चेंडू खेळाडूने नेण्याची ही प्रथा अजून पाळली जाते. अर्लिंग हालांडने तर एका मुलाखतीत आपण हे चेंडू पलंगावर घेऊन झोपतो असे सांगितले होते.

अमेरिकेत ‘झेलला तो आपला’ म्हटल्याने तंटे मिटले, असेही नाही. बॅरी बाँड्सचा २००१ मधला विक्रमी ७३ वा होम रन दोन प्रेक्षकांच्या हाताला लागला. प्रकरण न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी चेंडू विकून पैसे निम्मे-निम्मे वाटायला सांगितले. २००३ मध्ये तो साडेचार लाख डॉलरला गेला. शोहेई ओहतानीच्या ५० व्या होम रनचा चेंडू २०२४ मध्ये सुमारे ४४ लाख डॉलरला विकला गेला, तोही मालकीचा दावा न्यायालयात असतानाच.

फुटबॉलमध्ये असे तंटे होण्यात एक व्यावहारिक अडचण आहे आणि ती मल्टिबॉलनेच आणली. मॅराडोनाच्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चेंडू होता, म्हणून ‘हाच तो’ असे सांगता आले. १५ चेंडू फिरत असताना तीन गोल तीन वेगवेगळ्या चेंडूंनी झालेले असू शकतात. अशा वेळी हॅट्ट्रिकवीर सह्या करून नेतो तो चेंडू त्यातला एखादा असेल किंवा नसेलही. चिप असलेल्या चेंडूंमध्ये मात्र खेळात कोणता चेंडू आहे हे यंत्रणा आपोआप ओळखते.

भारतात असे केले तर?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या इराद्याने हलवणे म्हणजे चोरी. पहिल्यांदा दोषी ठरल्यास कमाल शिक्षा तीन वर्षांची. वस्तूची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा आहे. अंधेरीत किंवा फातोर्ड्यात चेंडू हातात येणे, तो क्षणभर धरणे, फोटो काढणे यात गुन्हा नाही. परत मागितल्यावरही तो बॅगेत घालून गेटकडे चालू लागण्यात आहे. सामना संपल्यावर क्लबने किंवा क्लबच्या संमतीने खेळाडूने गॅलरीत चेंडू भिरकावला, तर ती भेट ठरते आणि ती घरी नेता येते. कोणी विचारलेच तर दाखवता यावा म्हणून त्या क्षणाचा व्हिडीओ असलेला बरा.