फुल रेंज, तरी फोन लागत नाही

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने मोबाईलच्या रेंजवर बोलायचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आपण रोज जी वाक्यं न विचार करता बोलतो, ती तपासून पाहणं हेच तर आमचं काम. "माझ्या फोनला रेंज नाही," हे त्यातलंच एक वाक्य. व्याकरण असं सुचवतं की रेंज ही फोनची मालमत्ता आहे. फोनला रंग असतो, वजन असतं, तशी रेंज. मग अमेरिकेत मुलाकडे गेलेला माणूस म्हणतो, "हाच फोन पुण्यात छान चालत होता, इथे येऊन बिघडला." फोन बिघडलेला नसतो. तो तोच असतो, देश बदललेला असतो.

रंग वस्तूत असतो. 'बाप असणं' हे मात्र एकट्या माणसात नसतं, त्याला मूल लागतं. रेंज ही या दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. ती संबंधात असते. एका टोकाला आपल्या हातातलं यंत्र, दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी टॉवर, मध्ये भिंती, काचा, डोंगर, माणसांची गर्दी. आणि या सगळ्यावर त्या देशाच्या सरकारने आणि कंपन्यांनी घेतलेले निर्णय. आज आपण हा संबंध उलगडून पाहू. यात करमणुकीपेक्षा थोडं जास्त काही पणाला लागलेलं आहे, ते पुढे येईलच.

दांड्या काय मोजतात?

आधी त्या कोपऱ्यातल्या चार-पाच दांड्या घेऊ. टॉवरकडून आलेली लहर फोनपर्यंत किती जोराची पोचली, एवढंच त्या ढोबळमानाने सांगतात. हा जोर 'डीबीएम' नावाच्या मापात मोजतात आणि तो उणे आकड्यांत असतो. ४जी मध्ये उणे ८० म्हणजे उत्तम, उणे ११० म्हणजे अशक्त. फरक नुसता तीसचा दिसतो, पण हे माप असं आहे की दर दहाला दसपट होते. म्हणजे उणे ८० चा संदेश उणे ११० च्या हजारपट जोरकस असतो.

आता कोणत्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या, याचा जगभर पाळला जाणारा एकच नियम नाही. फोन बनवणारा ते ठरवतो, अँड्रॉइड फोनांत तर मोबाईल कंपनीही ठरवू शकते. २०१० साली आयफोन ४ च्या वेळी ॲपलने जाहीरच केलं की दांड्या काढण्याचं आपलं सूत्र चुकीचं होतं आणि अनेकदा दोन दांड्या जास्त दिसत होत्या. पुढे सूत्र दुरुस्त झालं. हवेतली लहर मात्र आधी होती तीच राहिली. म्हणून एका देशातल्या तीन दांड्या आणि दुसऱ्या देशातल्या तीन दांड्या यांची तुलना करून "तिकडे नेटवर्क चांगलं" म्हणणं फारसं अर्थपूर्ण नाही.

शिवाय दांड्या एकाच बाजूचं सांगतात. टॉवर बोलतो ते आपल्याला ऐकू येतं, एवढंच. आपण बोललेलं टॉवरला ऐकू जातं का? टॉवरची शक्ती काही दहा वॅटची असते, आपल्या फोनची ४जी वर साधारण ०.२ वॅट. एकजण डोंगरावरून कर्णा लावून ओरडतोय आणि दुसरा खालून कुजबुजतोय, असा हा संवाद आहे. आणि टॉवरच्या पायाशी हजारो माणसं एकाच वेळी बोलायला लागली तर? संध्याकाळी दादर स्टेशनवर उभे राहा. दांड्या पूर्ण, आणि व्हॉट्सॲपवरचा फोटो फिरतच राहतो. लहर जोरात आहे, पण ती वाटून घेणारे फार आहेत.

उपाधी म्हणजे लपलेली अट

आपल्या न्यायदर्शनात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. पर्वतावर धूर दिसला, तर तिथे अग्नी आहे हे अनुमान बरोबर. पण उलट, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे अनुमान चूक. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. अनुमानात न सांगितलेली ही जी अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात.

आपली चूक नेमकी हीच होते. "रेंज आहे, म्हणजे फोन लागणार." मधली उपाधी आपण विसरतो. मायदेशात ती अट आपोआप पुरी होत असते म्हणून तिची आठवण राहत नाही. देश बदलला की ती दात दाखवते. अशा दोन अटी पाहू.

पहिली अट लहरींच्या पट्ट्याची. मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या कंपनसंख्यांवर चालतात आणि प्रत्येक देशाने त्यातले वेगवेगळे पट्टे मोबाईलला दिले आहेत. २जी च्या जमान्यात भारत आणि युरोप ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर होते, तर अमेरिका ८५० आणि १९०० वर. त्यामुळे इथला साधा फोन न्यूयॉर्कला उतरला की मुका व्हायचा. आजचे फोन पुष्कळ पट्टे जाणतात, पण सगळे नाही. अमेरिकेत दूरवर पोचण्यासाठी ६०० आणि ७०० मेगाहर्ट्झचे जे पट्टे वापरतात, ते भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त फोनांत नसतात, कारण इथल्या बहुतेक ४जी जाळ्यांना त्यांची गरज नाही.

याचा परिणाम मोठा गमतीदार होतो. कंपनसंख्या जितकी कमी तितकी लहर लांब. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर, ३५०० ची जेमतेम साडेआठ. लांब लहर दूर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. आखूड लहर माहिती भरपूर वाहते, पण लवकर थकते. तेव्हा खालचे पट्टे नसलेला फोन शिकागोच्या रस्त्यावर झकास चालतो. घराच्या तळघरात गेलात किंवा शहराबाहेर शंभर मैल गेलात की तो गप्प होतो, आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या फोनवर मात्र रेंज असते. मग आपण फोनला दोष देतो, किंवा अमेरिकेला.

दुसरी अट आवाजाची. ४जी चं जाळं मुळात माहिती वाहायला बांधलं. जुन्या पद्धतीच्या बोलण्याची वाट त्यात ठेवलेलीच नाही. म्हणून सुरुवातीला फोन नेट ४जी वर चालवायचा आणि कॉल आला की गुपचूप ३जी किंवा २जी वर उतरायचा. पुढे आवाजही माहितीसारखाच पाठवायची सोय झाली, तिला 'व्होल्टी' म्हणतात. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं ते फक्त ४जी घेऊन, म्हणून आपल्याकडे हा शब्द घराघरात पोचला. पण व्होल्टी कसं चालवायचं याची जुळणी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीगणिक वेगळी असते. इथल्या कंपन्यांसाठी ती असेल, तिथल्यांसाठी असेलच असं नाही.

जोवर खाली ३जी चा जिना होता तोवर हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग देशोदेशी तो जिना काढून घेतला गेला. जर्मनीत २०२१ साली, अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांत २०२२ साली. अमेरिकेत एटी अँड टी ने तर कोणते फोन चालतील याची यादीच प्रसिद्ध केली. फोन नवा आहे, ४जी आहे, दांड्याही दिसताहेत. पण यादीत नाही, म्हणून कॉल नाही! आपल्याकडे एअरटेलने ३जी बंद केलं पण २जी ठेवलं, कारण साधे बटणांचे फोन वापरणारे कोट्यवधी लोक आहेत. कोणता जिना काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे प्रत्येक देशात तिथली माणसं पाहून ठरलं. निदान ठरायला हवं.

ऑस्ट्रेलियाचा धडा

आता जे पणाला लागलेलं आहे ते सांगतो. ऑस्ट्रेलियात तातडीच्या मदतीचा क्रमांक ०००. तिथे २०२४ साली ३जी बंद व्हायचं होतं. तेव्हा असे फोन निघाले की जे रोजचा कॉल ४जी वरून व्यवस्थित लावत, पण ००० फिरवला की त्यांच्या आतल्या सूचनेप्रमाणे ३जी शोधायला जात. रोज वापरणाऱ्याला हे कळणार कसं? मुलीशी बोलणं होतंय, बँकेचा कॉल येतोय, दांड्या भरलेल्या आहेत. दोष उघडा पडणार तो छातीत कळ आल्यावर, रुग्णवाहिका बोलावताना.

यावर तिथे बराच वादविवाद झाला, संसदेच्या समितीने चौकशी केली, टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी बंद करण्याची तारीख पुढे ढकलून २८ ऑक्टोबर २०२४ केली. आणि सरकारने एक कडक नियम केला: ज्या फोनवरून ००० लागू शकत नाही, त्याला कंपनीने सेवाच द्यायची नाही. यात परदेशातून आणलेले फोनही सापडले. म्हणजे बोलणं, नेट सगळं चालू असलेला फोन जाळ्याबाहेर काढला गेला. अनेकांना हा अन्याय वाटला. आमचं मत विचाराल तर, नियम कठोर असला तरी त्यामागचा विचार स्वच्छ आहे. संकटात फसवणारं साधन नसलेल्या साधनापेक्षा घातक असतं. साधन नाही हे माहीत असलं तर माणूस शेजाऱ्याचं दार ठोठावतो. साधन आहे असं वाटत असलं तर तो तेच दाबत बसतो.

टक्का कशाचा?

शेवटचा मुद्दा मोजमापाचा. कंपन्या सांगतात, "आमचं जाळं ९९ टक्के." कशाचे ९९ टक्के, हे विचारायला शिका. ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्राचं जाळं ९९ टक्क्यांहून जास्त लोकसंख्येपर्यंत पोचतं, पण जमिनीचा विचार केला तर देशाचा साधारण एक तृतीयांश भागच त्यात येतो. दोन्ही आकडे खरे. पहिला माणूस कुठे झोपतो ते मोजतो. दुसरा तो कुठे कुठे जाऊ शकतो ते मोजतो. अपघात काही घराच्या पत्त्यावरच होत नाहीत.

जर्मनीचं उदाहरण मनोरंजक आहे. एवढा श्रीमंत, यंत्रांचा देश. आणि तिथले लोक 'फुंकलोख' म्हणजे रेंज नसलेल्या खड्ड्यांबद्दल सतत कुरकुरत असतात. २००० साली तिथल्या सरकारने ३जी च्या लहरी लिलावात सुमारे ५० अब्ज युरोंना विकल्या. एवढा पैसा परवान्यात गेला की टॉवरला उरणार किती, अशी टीका तेव्हापासून होत आली. २०१९ च्या लिलावातल्या अटींपैकी एक होती ९८ टक्के घरांची. घरं मोजली की जंगलातला रस्ता सुटतो. २०२५ साली मात्र तिथल्या नियामकाने नवा लिलाव न करता जुने परवाने वाढवून दिले आणि बदल्यात २०३० पासून देशाच्या ९९.५ टक्के भूभागावर सेवा देण्याची अट घातली. मोजायच्या शब्दांत 'घरां'सोबत 'भूभाग' आला. ब्रिटनने त्याआधीच, २०२० साली, चारही कंपन्यांना एकत्र आणून ९५ टक्के भूभागावर ४जी नेण्याचा करार केला होता. आपल्याकडे २०२२ साली २४,६८० गावांत ४जी नेण्याची योजना मंजूर झाली, ते काम बीएसएनएलकडे आहे. तिथलं एकक 'गाव' आहे. गावात एक टॉवर उभा राहिला म्हणजे पलीकडच्या पाड्यावर, दरीतल्या शेतावर लहर पोचली असं होत नाही. तेव्हा आपल्यालाही हा प्रश्न विचारायचा आहे.

चिठ्ठ्यांतला प्रश्न

तीन-चार चिठ्ठ्यांत एकच विचारणा आहे: मुलांकडे जाताना आम्ही नक्की काय करावं? सोपं आहे. निघण्यापूर्वी फोनचा पूर्ण मॉडेल क्रमांक सेटिंगमध्ये पाहून मुलांना कळवा. तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तो चालतो का, व्होल्टीसह चालतो का, हे त्यांना तपासायला सांगा. 'नेट चालतं का' एवढ्यावर थांबू नका, 'कॉल लागतो का' हेही विचारा. घरात रेंज येत नसेल तर वाय-फाय कॉलिंग चालू करा. नव्या घरांच्या काचांवर उष्णता अडवायला धातूचा पातळ थर असतो, तो लहरींनाही अडवतो, म्हणून बाहेर रेंज आणि आत काही नाही असं होतं. आणि त्या देशाचा तातडीचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा: अमेरिकेत ९११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपात आणि आपल्याकडे ११२. शंका असेल तर सहा महिन्यांसाठी तिथलाच एखादा साधा फोन घ्या. विमानाच्या तिकिटापुढे त्याची किंमत काही नाही.

तर मंडळी, सारांश एवढाच. दांड्या सांगतात की जगाचं आपल्याला ऐकू येतंय. आपलं जगाला ऐकू जाईल की नाही, ते बऱ्याच अंशी दुसरीकडे ठरतं: परवान्याच्या अटींत, काढून घेतलेल्या जिन्यांत, टक्का कशाचा धरला त्यात. हे निर्णय माणसं घेतात, आणि माणसांना त्यांचा जाब विचारता येतो.