उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी?

वैशाखातली गोष्ट. जामच्या चौरस्त्यावर हिंगणघाटकडे जाणारी एस.टी. दिसली म्हणून झाडाखाली उकिडवे बसलेले सत्तरीचे एक काकाजी लगबगीने उठले आणि दोन पावलांवरच कोसळले. भुवईला खोक पडली. लोकांनी त्यांना माझ्याकडे आणले. सोबत मुलगा होता. "डॉक्टरसाहेब, बाबाचं बी.पी. वाढलं असन. गोळी डबल करून द्या," तो म्हणाला.

मी काकाजींना पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब पाहिला. १४८ वर ८६. मग मुलाला धरायला सांगून उभे केले आणि एका मिनिटाने पुन्हा पाहिला. ११२ वर ७०! "डोये फिरून रायले," काकाजी म्हणाले. गोळी दुप्पट केली असती तर पुढच्या वेळी खोकेऐवजी खुब्याचे हाड मोडले असते.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या धमन्यांत दाब ओळखणारी नसांची टोके असतात. ती लगेच मेंदूला खबर देतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि काही सेकंदांत सारे सावरते. उतारवयात किंवा जुन्या मधुमेहात ही यंत्रणा मंदावते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष समजावा. उकिडवे बसून एकदम उठताना दाब अधिकच घसरतो. पहाटे शौचाहून उठताना म्हातारी माणसे पडतात, ती बरेचदा यामुळेच.

काकाजींच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी, प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी (हीसुद्धा दाब उतरवते), आणि सकाळपासून पोटात फक्त चहा, वर वैदर्भीय ऊन! दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या, पण एकाला दुसरीची खबर नाही. म्हणून दवाखान्यात जाताना साऱ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. मी एका गोळीची मात्रा कमी केली, दुसरीची वेळ बदलली. "मग सारंच बंद करतो ना," असे काकाजींचे म्हणणे. त्यावर आमचा बराच वाद झाला. वाढलेला रक्तदाब मोकळा सोडला तर लकवा आहेच.

मोजण्यातही बसण्याची पद्धत आडवी येते. पाठीला टेका, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, लघवी तुंबलेली नको. हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली लोंबला तरी आकडा सुमारे ८ ने जास्त दिसतो. घाईत मोजणारे आम्ही डॉक्टरही इथे चुकतो.

झोपेतून उठताना आधी काठावर बसा, पोटऱ्या आवळून पंजे वरखाली करा, मग उभे राहा. भोवळ आली तर लाज न बाळगता तिथेच खाली बसा. कोणी पडलेच तर त्याला आडवे ठेवून पाय उंच करा. टेकून बसवू नका. तोंड वाकडे झाले, बोबडी वळली किंवा छातीत दुखले तर मात्र वेळ न घालवता मोठे इस्पितळ गाठा.

काकाजी परवा तपासणीला आले. उभ्याने १२८. एस.टी. दिसली तरी आता आधी बसल्या जागी पाय हलवतात म्हणे. त्या दिवशी पहिली गाडी चुकली. दुसरीने आले.