घाटाखालचा थांबा

मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना बोरघाट चढण्यासाठी मागून रेटा देणारी जादा इंजिने, ज्यांना रेल्वेत बँकर म्हणतात, ती कर्जतला जोडली जातात आणि जोडणी होईपर्यंत गाडी फलाटावर उभी राहते. रेल्वेच्या लेखी ही तांत्रिक निकड असली, तरी कर्जतच्या वडेवाल्यांनी तिच्यावरच आपला धंदा उभा केला. बाजारात इतरांपेक्षा वेगळी जागा निवडून साऱ्या कारभाराची घडी तिच्याभोवती बसवणे, म्हणजेच व्यवसायाचे स्थाननिर्धारण, समजून घेण्यास याहून नेमके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच मिळेल.

या विषयाची शास्त्रीय मांडणी तशी अलीकडची आहे. मायकेल पोर्टर यांनी १९८० मधील ग्रंथात स्पर्धेत सरस ठरण्याचे तीन मार्ग सांगितले, ते म्हणजे सर्वांत कमी खर्च, इतरांकडे नसलेले वेगळेपण आणि मर्यादित ग्राहकवर्गावर एकाग्रता. पुढे १९९६ च्या लेखात काय करायचे नाही हे ठरवण्यालाही त्यांनी व्यूहनीतीच्या गाभ्यात स्थान दिले.

कर्जतच्या फलाटावर हे तत्त्व प्रत्यक्ष दिसते. गिऱ्हाईक खिडकीशी किंवा दाराशी असते, जागा सोडून उतरण्यास नाखूष असते आणि गाडी कधी हलेल याची त्याला धास्ती असते. म्हणून येथे ताट नाही, चमचा नाही, पदार्थांची लांबलचक यादी नाही. पाव आधीच चिरलेला, लसणाची चटणी कोरडी, त्यामुळे कागदातून ओघळ नाही की कपड्यांवर डाग नाही, आणि वडा खिडकीच्या गजांतून हातात देता येईल एवढाच. सुटे पैसे हाताशी ठेवण्यापासून गाडीच्या वेळेच्या बेताने घाणा काढण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट त्या काही मिनिटांसाठी बेतावी लागते. दादरचा एखादा विक्रेता याहून चवदार वडा तळू शकेल, पण अडकून पडलेली गाडी त्याला मिळणार नाही. उलट कर्जतच्या फलाटावर कोणी राइसप्लेट विकू लागला, तर पहिला घास होण्यापूर्वीच गाडी सुटेल. दिवाडकरांच्या वड्याचे नाव कर्जतशी कायमचे जोडले गेले ते केवळ स्थानकामुळे नव्हे, कारण थांब्याचा लाभ तेथील इतर विक्रेत्यांनाही मिळत होता. थांब्याला साजेशी शिस्त आणि एकाच पदार्थावरची निष्ठा मात्र फार थोड्यांना साधली.

जागेचा लाभ किती चंचल असतो, हे शेजारच्या खोपोलीच्या इतिहासावरून कळते. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट पालखीने किंवा गाडीवाटेने चढावा लागे, त्यामुळे प्रवाशाला खोपोलीत उतरण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला होताच मुख्य वाहतूक पळसदरीहूनच वर वळली आणि खोपोली शाखामार्गाचे टोक होऊन राहिली.

तरीही जो उतार रेल्वेला अडसर ठरला, त्यातच टाटांनी संधी पाहिली. लोणावळ्याच्या बाजूला धरणांत साठवलेले पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली आणून १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. मुंबईच्या कापड गिरण्यांना दूरच्या खाणींतून कोळसा आणावा लागत असताना त्यांना शेजारच्या घाटातील पाण्याची वीज देऊ करणे, हा कमी खर्चाच्या मार्गाचा अस्सल नमुना होता, आणि तो सह्याद्रीच्या पावसावर व कड्यावर आधारलेला असल्याने सपाट मुलखातील कोणालाही त्याची नक्कल करणे शक्य नव्हते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा सारा हिशेब बदलला. या मार्गाच्या कडेला कोणालाही टपरी टाकता येत नसल्याने खालापूर टोलनाक्याजवळच्या फूड मॉलमध्ये खरी चुरस गिऱ्हाइकासाठी होण्याआधी गाळ्यासाठी होते. रेल्वेवरही फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या मोटारी अनेक डब्यांखाली विभागलेल्या आहेत. अशा गाड्या वाढल्या, तर कर्जतचा सक्तीचा थांबाच आटेल. त्या दिवशी केवळ थांब्याच्या जोरावर विकणारा आणि नावाच्या जोरावर विकणारा यांतील फरक उघडा पडेल. खोपोलीत जुन्या महामार्गावरील रमाकांतचा वडा या दुसऱ्या प्रकारात मोडतो: तेथे गाडी अडवणारे ना इंजिन आहे ना टोलनाका, आणि तरीही वाहने वाट वाकडी करून थांबतात.