स्वेटरची चटचट आणि वळवाची वीज: भानगड एकच!

जालन्यात थंडीतली हवा कोरडी असते. स्वेटर काढला की चटचट आवाज, दाराच्या कडीला हात लावला की झटका. का? दोन वस्तू घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिच्यावर ते जास्त झाले ती ऋणप्रभारित, जिचे गेले ती धनप्रभारित. हा प्रभार जागच्या जागी साठून राहतो, म्हणून ही स्थितिक विद्युत. पावसाळ्यात वस्तूंवर ओलावा असतो, त्यातून प्रभार निसटतो आणि झटका बसत नाही. जेमतेम १ मिलिमीटरच्या ठिणगीला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, बरं का! तरी काही होत नाही, कारण प्रभार अगदीच थोडा.

मे-जूनमध्ये भोकरदन, अंबडच्या शिवारावर वळवाचे ढग येतात तेव्हा हाच खेळ प्रचंड होतो. ढगात बर्फाचे कण आणि बारीक गारा एकमेकांवर आदळतात. ढगाचा खालचा भाग ऋणप्रभारित होतो, खाली जमिनीवर, उंच झाडांवर धनप्रभार गोळा होतो. शेवटी हवा तग धरत नाही आणि वीज पडते. म्हणून पावसात लिंबाखाली थांबणं सगळ्यात वाईट. पक्कं घर गाठा.

‘मोबाइल वीज ओढतो’ हे खोटं. चार्जिंगला लावलेला फोन मात्र हातात नको, वीज वायरीतून येऊ शकते. उलट फोनमध्ये पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप टाका. २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज असेल तर ते सांगतं. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं शेतात परत जाऊ नका, घरच्यांनाही सांगा.